नॉर्वेच्या दरीतल्या लाकडी चर्चचं वय कसं काढावं

दारावर कोरलेलं साल हेच बांधणीचं साल धरून चाललात, तर पुढचं सगळं गणित फसतं. ते साल दुरुस्तीचंही असू शकतं. घंटेवरचं साल तर फक्त घंटा ओतल्याचं. जुनी घंटा नव्या चर्चमध्ये टांगायची पद्धत सर्रास होती. म्हणून जागा, इमारत आणि आतल्या वस्तू यांची वयं वेगवेगळी काढा.

आधी कागद. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'डिजिटालार्किवेट'वर चर्चच्या नोंदवह्या फुकट बघता येतात, पण त्यांत मुख्यतः बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं असतात. इमारतीसाठी जमाखर्चाची वही हवी: खिळे, फळ्या, डांबर कधी घेतलं ते तिथे सापडतं. 1723 नंतर हा धागा तुटू शकतो, कारण युद्धाच्या कर्जापायी राजा चौथ्या फ्रेडरिकने चर्चं विकायला काढली. मग मालकाच्या घराण्याची कागदपत्रं धुंडाळावी लागतात. चर्च 1851 नंतरच्या दशकांतलं असेल, तर आधीचं पाडलं होतं का हे हमखास तपासा. त्या वर्षीच्या कायद्याने ग्रामीण चर्चमध्ये तीन दशांश लोकसंख्या मावायला हवी असं ठरवलं आणि कितीतरी जुनी, लहान चर्चं त्यात गेली.

मग लाकूड. ओंडक्यातून बारीक कांडी काढून वार्षिक वलयं मोजतात आणि परिसरातल्या पाइनच्या, वर्षं आधीच ठरलेल्या वलयांच्या मालिकेशी जुळवतात. सालीखालचं शेवटचं वलय शाबूत असेल तरच झाड तोडल्याचं नेमकं वर्ष मिळतं. कुऱ्हाडीने कड तासली असेल तर फक्त 'अमुक वर्षानंतर' एवढंच. पन्नासपेक्षा कमी वलयांवर भरवसा ठेवू नका. एकाच ओंडक्यावर थांबू नका: ज्यात आता काहीच बसलेलं नाही अशी खाच किंवा खुंटीचं भोक दिसलं, तर तो ओंडका बहुधा जुन्या इमारतीतून आलाय.

बाहेरच्या फळ्यांवरून भिंतीचं वय ठरवू नका. ओंडक्यांच्या भिंतींवर त्या बऱ्याचदा नंतर ठोकलेल्या असतात. करवतीचे वण कमानदार असतील तर फळी गोल पात्यावर कापलेली, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकातली किंवा नंतरची.

भोक पाडण्याआधी परवानगी घ्या. 1650 पूर्वीच्या इमारतींना आपोआप कायद्याचं संरक्षण असतं, आणि 1650 ते 1850 मधली चर्चंही वारसा खात्याच्या, म्हणजे 'रिक्सअँटिक्वारेन'च्या यादीत असतात.