कान्हेरीची स्मशानवीथी आणि वारल्यांचे पाडे

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना जाणारे बहुतेक जण तीन नंबरचा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं मोठं लेणं, बघून परततात. तुम्ही मात्र वर चढून 87 नंबरच्या लेण्यापर्यंत जा.

सोमवारी उद्यान बंद असतं, म्हणून मी शक्यतो मंगळवारी सकाळी जाते. बोरिवली पूर्वेच्या गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. उद्यानाच्या बसनं जा. बुटांचे तळवे खरखरीत हवेत, पावसाळ्यात कातळाला शेवाळ धरतं.

87 नंबर, म्हणजेच स्मशानवीथी, हा डोंगरकड्याच्या पोटात कोरलेला लांबलचक ओटा. इथं निधन पावलेल्या भिक्षूंच्या अस्थींवर विटांचे स्तूप बांधले जात. आज त्यांचे गोल पायथेच उरलेत. 1970 च्या दशकात शिलालेखांच्या अभ्यासक शोभना गोखल्यांना इथंच थेरांची (ज्येष्ठ भिक्षूंची) नावं कोरलेले शिलालेख सापडले. कृपा करून विटांवर बसू नका, विटा हलवू नका. तिथं माणसं विसावलीत. दहा मिनिटं गप्प उभं राहा, बाजूच्या पाण्याच्या टाक्या बघा.

उद्यानाच्या हद्दीत वारली आदिवासींचे पाडे आहेत. ते प्रेक्षणीय स्थळ नव्हे, लोकांची राहती घरं आहेत. ओळखीच्या माणसाबरोबरच जा, अंगणात शिरण्याआधी "येऊ का, मावशी?" असं विचारा, फोटोचं त्यानंतर. वाघोबाच्या देवापुढे चपला काढा. पायथ्याशी बायका काकड्या, करवंदं विकतात, घासाघीस न करता घ्या. पिशवी घट्ट धरा, माकडं हिसकावतात. बिबट्याचं रान आहे, उन्हं कलायच्या आत गेटबाहेर पडा.