ब्रिटनमध्ये मोबाइलचं बिल करार चालू असतानाच वाढलं तर

आधी कराराची तारीख बघा. करार १७ जानेवारी २०२५ किंवा त्यानंतरचा असेल, तर वाढ किती आणि कधीपासून, हे पौंड-पेन्समध्ये आधीच सांगणं ऑफकॉमने (ब्रिटनची दूरसंचार नियामक संस्था) बंधनकारक केलंय. जुन्या अनेक करारांत 'महागाई दर अधिक ३.९ टक्के' असं कलम असतं; ते असेल तर नुसत्या वाढीवरून करारातून दंडाशिवाय सुटका नाही.

करारात १.८० पौंडांची वाढ लिहिलीय आणि नोटीस २.५० पौंडांच्या वाढीची आली, तर गोष्ट वेगळी. कंपनीला महिनाभर आधी कळवावं लागतं आणि तुम्हाला दंडाशिवाय बाहेर पडायला ३० दिवस मिळतात. बरेच जण हा मेल जाहिरात समजून उघडतच नाहीत आणि मुदत हातची जाते. हँडसेटचे उरलेले हप्ते मात्र फेडावेच लागतात.

तोच नंबर नव्या कंपनीकडे न्यायचाय? ६५०७५ वर 'पीएसी' (PAC) ही तीन इंग्रजी अक्षरं एसएमएस करा. उत्तरात कोड येतो आणि करार मोडायला किती पैसे पडतील तेही कळतं. कोड ३० दिवस चालतो. तो नव्या कंपनीला द्या. जुनं कनेक्शन आधी स्वतःहून बंद करू नका, नंबर जाऊ शकतो.