मॅक्युलर डिजनरेशन: या चुका टाळा

डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) ओपीडीत रुग्णांना समजावून सांगणं हे माझं काम. तिथे हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "मोतीबिंदूच असेल, पिकू दे." मोतीबिंदूत सगळंच धुरकट होतं आणि सहसा ऑपरेशननं सुधारतं. मॅक्युलर डिजनरेशनमध्ये पडद्याचा मधला भाग खराब होतो. कडेचं दिसत राहतं, पण समोरच्याचा चेहरा आणि पेपरातली अक्षरं जातात. एकदा मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

सगळ्यात महागात पडते ती दोन्ही डोळे उघडे ठेवून नजर जोखण्याची सवय. चांगला डोळा बिघडलेल्याचं काम निभावून नेतो. साताऱ्याकडचे एक शिंपीकाका सुईत दोरा ओवता येईना म्हणून चष्मेच बदलत राहिले. त्यांचा उजवा डोळा झाकून दाराकडे बघायला सांगितलं, तर म्हणाले, "अहो, ही चौकट मधेच वाकलीय की!" डाव्या डोळ्यात ओला प्रकार निघाला. पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या उगवून त्यातून पाणी आणि रक्त झिरपत होतं, व्रणही धरला होता. डोळ्यात दिलेल्या इंजेक्शनांनी उरलेलं टिकलं, पण त्या डोळ्यानं वाचता येत नाही ते नाहीच.

पन्नाशीनंतर अ‍ॅम्स्लर ग्रिडचा चौकटीचा कागद फ्रिजवर लावून ठेवा. वाचायचा चष्मा घालून, फूटभर अंतरावरून, एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघा. कागद नसेल तर मी बाथरूमच्या टाइल्सच्या रेषा बघायला सांगते. रेष नव्यानं वाकडी किंवा तुटक दिसली, मधे डाग आला, तर एक-दोन दिवसांत पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट चालणार नाही.

दुसरी चूक, "आता बरं दिसतंय" म्हणून इंजेक्शनं सोडणं. एका सुईत प्रश्न मिटावा ही घाई मला अजिबात पटत नाही. औषध झिरपणं दाबून ठेवतं, आजार उपटून काढत नाही. सुरुवातीला बहुधा दर महिन्याला एक अशी तीन देतात, मग ओसीटी (पडद्याचं स्कॅन) बघून अंतर वाढवतात. पैशांची अडचण असेल तर तोंडानं सांगा. बेव्हॅसिझुमॅबसारखा स्वस्त पर्याय आहे. गुपचूप येणं बंद केलेली माणसं परततात तेव्हा पडद्याखाली पुन्हा पाणी साचलेलं असतं.

इंजेक्शननंतर डोळा ठणकला, लाली वाढली किंवा नजर उतरली, तर सकाळची वाट बघू नका.

सिगारेट सोडा. मध, गुलाबपाणी डोळ्यात घालू नका, ते पडद्यापर्यंत पोचत नाही.

ल्युटिनच्या गोळ्या शेजारणीनं सांगितल्या म्हणून घेऊ नका. 2013 च्या एआरईडीएस-2 अभ्यासातलं जीवनसत्त्वं, झिंक आणि ल्युटिनचं मिश्रण मधल्या टप्प्यातल्यांना आजार वाढण्यापासून काहीसं वाचवतं, गेलेली नजर आणत नाही. बीटा-कॅरोटिनवाली गोळी धूम्रपान करणाऱ्यांना नकोच, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

आणि नजर गेलेल्या आजीला अंगणात नसलेली माणसं, फुलं दिसू लागली, तर वेड लागलं म्हणून गप्प बसवू नका. याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात, नजर कमी झाल्यावर मेंदूच ही चित्रं उभी करतो, हे वेड नव्हे. डॉक्टरांना सांगा, आजीलाही सांगा.