गणिताला दुसरं पुस्तक जोडण्याआधी

मूल घरीच शिकतंय, गणिताचं एक पुस्तक चालू आहे आणि जोडीला आणखी काहीतरी सुरू करायचं मनात आहे, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. मागच्या जूनमध्ये आम्ही बालभारतीचं चौथीचं पुस्तक आणि जोडीला सिंगापूर पद्धतीचं इंग्रजी पुस्तक असा थाट मांडला, आणि दिवाळीच्या आत दोन्ही बंद पडली. पुस्तकं चांगलीच होती. तयारी कच्ची होती, आणि त्यातली एक गोष्ट तर केलीच नव्हती. ती खाली येईल, पुन्हा पुन्हा येईल, वैतागू नका.

आधी अडतंय कुठे ते बघा. पाढे येत नाहीत? पाढे येतात पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की "गुणू की भागू?" असं तोंडाकडे बघत विचारलं जातं? की सगळं येतं आणि कंटाळा आलाय? सराव कमी पडत असेल तर दुसऱ्या पुस्तकाची गरजच नाही. रोज एक पान वजाबाक्या स्वतः लिहून द्या, काम होतं. शाब्दिक उदाहरणांवर अडत असेल तर सिंगापूर पद्धतीची पुस्तकं बघा. कंटाळा असेल तर बीस्ट अकॅडमी ही अमेरिकी गणित-पुस्तकमालिका: राक्षसांची चित्रकथा आणि त्याबरोबर डोकं खाणारी कोडी. पण पाढे कच्चे असलेल्या मुलापुढे ते ठेवू नका, रडारड होते. खान अकॅडमी फुकट आहे, चांगलीही आहे, फक्त व्हिडिओ बघून झाला म्हणजे गणित झालं असं मूल समजतं आणि आपणही समजतो. अबॅकसने हिशोबाचा वेग वाढतो, उदाहरण काय विचारतंय ते कळायला त्याचा उपयोग नाही. आणि समोरच्या इमारतीतली मुलगी करते म्हणून आपणही, हे कारण होऊ शकत नाही.

आम्ही सिंगापूर पद्धत घेतली ती शाब्दिक उदाहरणांसाठी, आणि ती निवड मी आजही बदलणार नाही. १९८०च्या दशकात सिंगापूरच्या शिक्षण मंत्रालयाने बसवलेली ही पद्धत आहे: आधी हातात वस्तू, मग चित्र, मग आकडे. चित्र म्हणजे पट्ट्या. सुमनकडे राजूच्या तिप्पट गोट्या आहेत, दोघांच्या मिळून ४८, तर राजूकडे किती? राजूची एक पट्टी काढायची, तिच्याखाली सुमनच्या तेवढ्याच लांबीच्या तीन, आणि चारही पट्ट्यांना मिळून एक कंस घालून त्यावर ४८ लिहायचे. एक पट्टी १२ची. 'क्ष' न मानता चौथीचं मूल हे सोडवतं. आमचीने पहिल्यांदा सुमनची पट्टी राजूपेक्षा आखूड काढली, मग स्वतःच थांबून वाक्य पुन्हा वाचलं. तिला वाक्य पुन्हा वाचायला लावणारी दुसरी युक्ती मला तोपर्यंत सापडली नव्हती.

आता ती गोष्ट. दुसरं पुस्तक उघडण्याआधी पहिल्या पुस्तकातलं काय सोडणार ते ठरवा, आणि पेन्सिलीने त्या त्या पानावर खूण करा. नुसतं मनात ठरवून चालत नाही, अनुक्रमणिकेत टिकमार्क करूनही चालत नाही. सकाळी कुकरच्या शिट्ट्या होत असताना पान उघडलं की माणूस पानावर असेल ते सगळं करून घेतो. मुख्य पुस्तकातला गुणाकाराचा पूर्ण स्वाध्याय, वर दुसऱ्या पुस्तकातली गुणाकाराची दहा पानं: मूल एकच गोष्ट दोनदा शिकतं आणि दोन्हीकडे अर्धवट लक्ष देतं. तेव्हा एखाद्या रविवारी दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवून बसा. जो विषय दुसऱ्या पुस्तकातून घ्यायचा, त्याचे पहिल्यातले स्वाध्याय सरळ आडवी रेघ मारून काढा, तपासणीपुरती दोन उदाहरणं ठेवा. मन धजत नाही, मला माहीत आहे. पुस्तक 'पूर्ण' झालंच पाहिजे असं आपल्याला शाळेने शिकवलंय. तरी रेघ मारा.

रेघ मारताना एक भान ठेवा. पुढे परीक्षा कुठली देणार? शाळेत न जाता परीक्षा देता येते अशा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या म्हणजे एनआयओएसच्या मुक्त मूलभूत शिक्षणात 'अ' स्तर तिसरीच्या, 'ब' पाचवीच्या आणि 'क' आठवीच्या बरोबरीचा धरतात. यातलं काही द्यायचं असेल तर त्याचा अभ्यासक्रम तिसरा कागद म्हणून शेजारी ठेवा, आणि त्यात असलेलं काही दोन्हीकडून गळत नाही ना ते बघा. बस, एवढंच. उगाच घाबरून सगळंच ठेवू नका, नाहीतर पुन्हा तिथेच.

चाचणी. बहुतेक परदेशी कार्यक्रमांची 'कुठून सुरू करावं' सांगणारी चाचणी फुकट मिळते. ती घ्या, आणि मूल सोडवत असताना शेजारी बसून भुवया उंचावू नका. चौथीच्या मुलाला तिसरीचं पुस्तक सुचवलं गेलं तर अपमान मानू नका. दोन्हीकडे विषयांचा क्रम वेगळा असतो, एवढाच त्याचा अर्थ.

मराठीतून शिकणाऱ्या मुलांसाठी पुढचं जरा सविस्तर सांगते, कारण परदेशी पुस्तकांच्या शिफारशी करणाऱ्यांना हे ठाऊकच नसतं. एक, संख्यांची नावं. 'त्रेसष्ट' म्हणताना आधी तीन ऐकू येतो, लिहिताना आधी सहा येतो. इंग्रजीत 'सिक्स्टी थ्री', जसं ऐकलं तसं लिहिलं. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशा वाचनाची जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं मुलांना जोडाक्षरी नावं आणि उलटा क्रम जड जातो असं होतं. त्यावर काय वाटायचं ते वाटो, घरात इंग्रजी पुस्तक आणणार असाल तर आधी पन्नासच्या पुढचे वीसेक आकडे दोन्ही भाषांत बोलून लिहून घ्या. एकोणसाठला ६९ लिहिलं गेलं तर पुस्तक आठवडाभर थांबू दे.

दोन, अंक. दोन्ही लिप्यांचे अंक एकाच वहीत आले की मराठी १ घाईत इंग्रजी नवासारखा दिसतो आणि मराठी ४ इंग्रजी आठासारखा. वह्या वेगळ्या करा. दोन्ही चौकटीच्या, पण पुठ्ठ्याचा रंग वेगळा.

तीन, गुणाकार. आपल्या पाढ्यात 'तीन दुणे सहा' म्हणजे तीन दोनदा. इंग्रजी पुस्तकात ३ × २ बहुधा 'दोनचे तीन गट' असं वाचलं जातं, आणि चित्रात तीन बशा, प्रत्येकीत दोन लाडू. उत्तर तेच, चित्र उलटं. हे आधी सांगितलं नाही तर मूल म्हणतं की पुस्तक चुकलंय, आणि त्याच्या बाजूने ते खरंच असतं. चार, भागाकाराची मांडणी: आपल्याकडे भाजक डावीकडे, भागाकार उजवीकडे कंसाबाहेर, अमेरिकी पुस्तकात भागाकार भाज्याच्या डोक्यावर. एक निवडा. दुसरी नुसती दाखवून ठेवा. पाच, लाख आणि मिलियन. आपला स्वल्पविराम १२,३४,५६७ असा पडतो, त्यांचा १,२३४,५६७ असा. मोठ्या संख्यांचा धडा बालभारतीतूनच करा आणि तिकडचा वगळा. हो, तिकडच्या पुस्तकातही खुणा करायच्या आहेत. अमेरिकेसाठी काढलेल्या आवृत्तीत डॉलर-सेंट, इंच-फूट, पौंड-औंस यांचे धडे असतात, ते पुस्तक आलं त्याच दिवशी रेघेखाली घाला.

पहिल्या पुस्तकात खुणा झाल्या का? नसतील तर पुढचं वाचू नका, आधी ते करा.

घरातली माणसं. हे सोपं वाटतं, पण नसतं. वजाबाकीत एकजण "दशक सुटा कर" म्हणतो, दुसरा "उसना घे" म्हणतो आणि आजोबा तिसरीच रीत दाखवतात. आमच्याकडे आजोबा संध्याकाळी निमकी, पाऊणकी, दिडकी म्हणजे अर्धा, पाऊण आणि दीडचे पाढे म्हणून घेतात. त्याला मी हात लावला नाही आणि तुम्हीही लावू नका: दीड गुणिले आठ हे तोंडावर असलेलं मूल अपूर्णांकाच्या धड्यात बिचकत नाही. मात्र कागदावरच्या रीती एकाच माणसाने शिकवाव्यात, हे आजोबांना पुस्तक येण्याआधी सांगा. आल्यावर सांगितलं तर ते पुस्तकावर रागावतात.

वेळ. गणिताचा एकूण वेळ वाढवायचा नाही. चौथीच्या मुलाला रोज चाळीस मिनिटं पुष्कळ झाली, त्यातच दोन्ही बसवा. एकाच दिवशी दोन्ही पुस्तकं आमच्याकडे चालली नाहीत. चार दिवस मुख्य, दोन दिवस दुसरं, किंवा एक अख्खा धडा यातून आणि एक त्यातून. आता चाळीस मिनिटांत दोन पुस्तकं कशी मावतील असं वाटत असेल तर कारण उघड आहे, रेघा कमी पडल्यात. परत जा आणि आणखी मारा.

साहित्य फार लागत नाही. शंभर मण्यांची माळ, दहा-दहाचे रंग आलटून पालटून, घरी ओवता येते. दशकाच्या काड्या आईस्क्रीमच्या चालतात. महागडे ठोकळे नंतर. बालभारती आणि एनसीईआरटी या दोन्हींची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, तेव्हा परदेशी संच मागवण्याआधी एनसीईआरटीचं त्याच इयत्तेचं पुस्तक चाळून बघा, कदाचित तेवढ्यावर भागेल. परदेशी मागवलंच तर उत्तरांचं पुस्तक वेगळं विकत घ्यावं लागतं का ते बघा. पहिल्या खेपेला एकच भाग घ्या, वर्षभराचा संच नको.

सुरू झाल्यावर: आठवड्यातून एकदा दोन ओळी लिहा, काय जमलं आणि कुठे अडलं. दीड महिन्याने त्या ओळी वाचा. ज्यासाठी आणलं ते सुधारत नसेल तर बंद करा. परीक्षा, आजारपण, लग्नाचा सीझन आला की दुसरं पुस्तक थांबतं, पहिलं चालू राहतं. उलटं करू नका. आणि ज्या दिवशी दुसरं थांबेल त्या दिवसापासून पहिल्यातल्या रेघा खोडून ते स्वाध्याय परत घ्या, म्हणून तर पेन्सिल.

उत्तरं दुसऱ्या पुस्तकात लिहायची नाहीत, वहीतच लिहायची. अर्ध्यावर थांबलं तरी पुस्तक कोरं राहतं आणि दुसऱ्या घरी देता येतं. आमचं सध्या मिरजेला आहे.