नवलकोल निबर का होतो? परड्यातल्या आणि स्वयंपाकघरातल्या या चुका टाळा

पहिल्या वर्षी परड्यात नवलकोल लावला आणि गड्डा धरायला लागल्यावर मी त्याला माती चढवली. बटाट्याला चढवतात तशी. उघडा राहिला तर उन्हानं हिरवा पडेल, अशी भीती. तो मुळात हिरवाच असतो, हे डोक्यात आलंच नाही. पुढं अवकाळीची एक सर आली आणि चार गड्डे बुडापासून कुजले. आत्यांनी (आमच्याकडं सासूबाईंना आत्याच म्हणतात) खुरप्यानं माती बाजूला केली आणि म्हणाल्या, "अगं, हे काय रताळं हाय व्हय? कोबीचा भाऊ हाय त्यो!"

खरं तेच आहे. नवलकोल, कोबी, फ्लॉवर ही एकाच जातीची भावंडं. नावातल्या 'कोल'चा कोल्हापूरशी संबंध नाही. डच भाषेत कोबीला 'कोल' म्हणतात. आपण खातो तो गड्डा म्हणजे फुगलेलं खोड, मूळ नव्हे. म्हणून त्याला माती लावायची नाही आणि रोपही वाफ्यात जेवढं खोल होतं तेवढंच लावायचं. भांगलण करतानाही खुरपं वरवर चालवा. मुळं उथळ असतात.

दुसरी चूक म्हणजे घाई. गणपतीत हौसेनं बी टाकलं जातं. तेव्हा आपल्याकडं पाऊस गेलेला नसतो, वाफा चिकचिकतो आणि कोवळी रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडतात. दसऱ्याच्या सुमारास बी टाका, सेंटीमीटरभर खोल. आठवड्याच्या आत उगवतं. चार आठवड्यांनी चार-पाच पानांचं रोप झालं की लावणी करा: दोन ओळींत 30 सेंमी, दोन रोपांत 20 सेंमी, म्हणजे जेमतेम एक वीत. रोप एवढंसं दिसतं म्हणून दाटीनं लावाल तर पाला माजतो आणि गड्डा सुपारीएवढा राहतो. व्हाइट व्हिएन्ना ही लवकर येणारी जात लावणीनंतर 50 ते 60 दिवसांत तयार होते, म्हणजे भोगीच्या भाजीला घरचा नवलकोल. पर्पल व्हिएन्ना दिसायला देखणी, पण जांभळी फक्त साल; आतून तीही पांढरीच. डिसेंबर उलटल्यावर मात्र बी टाकू नका. गड्डा धरायच्या वेळेला उन्हाळा लागतो आणि हाती दोरे येतात.

आता पाणी. सगळ्यात जास्त नवलकोल इथंच बिघडतो. खोड एका दमात वाढलं तर लोण्यासारखं कोवळं राहतं. मधेच तहानलं की वाढ थांबते आणि आत तंतू धरतात. नंतर कितीही पाणी पाजा, ते तंतू काही जात नाहीत. एकदा आम्ही लग्नाला पाच दिवस गावाला गेलो. परतल्यावर माती भेगाळलेली बघून मी अपराधी मनानं पाइप सोडून दिला. सकाळी बघते तर तीन गड्डे उभे चिरलेले, अगदी सुरी फिरवल्यासारखे. आतला गर एकदम फुगतो आणि साल तेवढी ताणत नाही. अशा वेळी पाणी दोन-तीन दिवसांत थोडं थोडं वाढवत न्यावं. एरवी बोट दोन पेरं मातीत घालून बघा, खाली कोरडं लागलं तरच पाणी द्या. आणि आच्छादन घाला. उसाच्या मुलखात राहून पाचटाला काय तोटा? फक्त ते खोडाला चिकटू देऊ नका, चार बोटं लांब ठेवा.

पाला भाजीला चांगला लागतो, पण गड्डा भरायच्या आधीच रोप बोडकं केलं तर तो भरणार कशावर? एका झाडाची बाहेरची एक-दोन पानं घ्या, बास. पानं खुडताना उलटी करून बघायची सवय लावा. मावा आणि बारीक हिरवी अळी खालच्या बाजूला बसलेली असते. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं जातो, अळी हातानं वेचा. तरी आवरलं नाही तर 50 ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारा. पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात कोबी-फ्लॉवर नको. मेथी किंवा घेवडा घ्या.

काढणीला मोह होतो. "अजून वाढू दे" म्हणून ठेवलेला गड्डा नारळाएवढा होईल, पण खाता येणार नाही. 5 ते 7 सेंमी झाला, म्हणजे लिंबापेक्षा मोठा आणि मोसंबीपेक्षा लहान, की कापा. निबरपणा बुडाकडून चढतो, म्हणून मी तिथंच नख लावून बघते. नख रुतलं नाही तर तो गेला म्हशीला. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजी घेतानाही मोठा गड्डा दिसला की हात आखडता घ्या.

स्वयंपाकघरातली पहिली चूक सोलण्याची. साल बटाट्यासारखी पातळ काढायची नाही. बुडाकडून सुरी लावून वर ओढा आणि खालची दोरेवाली पांढरी पापडीही काढून टाका. "नवलकोल चावत नाही" म्हणणाऱ्यांनी ती ठेवलेली असते. दुसरी चूक कुकरची. तीन शिट्ट्या झाल्या की घरभर उकडलेल्या कोबीचा वास. भाजीत घालायची हरभऱ्याची डाळ आधी भिजवा, फोडी कढईत झाकण ठेवून दहा मिनिटं शिजवा. कांदा-लसूण चटणी अर्धा चमचा पुरे. आमच्या घरात हे वाक्य कुणाला पटत नाही, पण नवलकोलाची चव सौम्य गोडसर असते आणि तर्रीत ती हरवते. कोशिंबिरीला किसून दही, दाण्याचं कूट, वर मिरचीची फोडणी. मीठ मात्र पानं वाढताना, नाहीतर ताटात तळं होतं.

फ्रिजमध्ये पाल्यासकट ठेवू नका. पानं गड्ड्यातलं पाणी ओढून घेतात आणि दोन दिवसांत तो सुरकुततो. पाला वेगळा करून लगेच संपवा. गड्डा पिशवीत गुंडाळून ठेवला की आठवडा-दोन आठवडे सहज टिकतो.