ट्रेमधलं चिंचेचं बन

हौशी मित्रमंडळींच्या स्पर्धेसाठी बोन्सायचं बन, म्हणजे एकाच उथळ ट्रेमध्ये लावलेल्या खुज्या झाडांचं छोटं जंगल, करणार असाल तर मराठवाड्यात चिंचेसारखं दुसरं झाड नाही. पान बारीक, ऊन सोसणारी, आणि रोपं चिंचोक्यांपासून घरीच होतात. पाच, सात किंवा नऊ रोपं घ्या, पण एकसारखी नकोत. जाडी आणि उंची वेगवेगळीच हवी.

सगळ्यात जाड आणि उंच झाड आधी लावा, ट्रेच्या मधोमध नव्हे, थोडं बाजूला. मध्यम झाडं त्याच्या आसपास, अगदी बारीक मागे आणि कडेला. त्यानं बन खोल वाटतं. समोरून पाहिल्यावर तीन खोडं एका रेषेत येत असतील तर एक सरकवा. अंतरंही सारखी ठेवू नका. परीक्षकाची नजर आधी इथेच जाते.

ट्रे उथळ असल्यामुळे मुळं ट्रेच्या भोकांतून ओवलेल्या तारेनं बांधा, नाहीतर वाऱ्यात झाडं हलतात आणि नवी मुळं तुटतात. आपली काळी माती मात्र वापरू नका: ओली झाली की चिकट, वाळली की भेगाळते. चाळलेला मुरूम, विटांचे बारीक तुकडे आणि थोडं शेणखत पुरे.

लागवड मृगाच्या पावसानंतर करा, पुढचे काही आठवडे ट्रे सावलीत ठेवा. स्पर्धा हिवाळ्यात असेल तर बन तोवर छान स्थिरावतं.