कॉलेज ग्रुपने ठाण्यात रक्तदान शिबिर घ्यायचं तर

आधी ब्लड बँक गाठा, बॅनर-बिनर नंतर. डॉक्टर, पलंग, बॅगा, तपासणी सगळं त्यांचं असतं, आपण द्यायचा हवेशीर हॉल, पंखे, पाणी आणि माणसं, आणि ह्यातली माणसंच सगळ्यात अवघड. तारीख परीक्षेच्या जवळ नको. १ ऑक्टोबर (राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन) किंवा १४ जूनला (जागतिक रक्तदाता दिन) सगळेच शिबिरं घेतात, खरी चणचण एप्रिल-मेमध्ये असते कारण कॉलेजं बंद असतात, त्यामुळे जमलं तर सुट्टीतच करा. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणजे एकदाच गर्दी करून वर्षभराचं भागत नाही.

नाव घेतानाच विचारा: वय १८ पूर्ण आहे का, वजन निदान ४५ किलो आहे का, वर्षभरात टॅटू काढलाय का. हिमोग्लोबिन १२.५ लागतं, ते तिथेच बघतात. मुलांना दोनदा देताना मध्ये ९० दिवस, मुलींना १२० दिवस. अर्धी पोरं उपाशी येतात आणि मग चक्कर, म्हणून नाश्ता करूनच या हे आदल्या रात्री ग्रुपवर परत परत टाका, कोणी वैतागलं तरी चालेल.

ज्यांना रक्त देता येत नाही त्यांना नोंदणीचं, चहा-बिस्किटं वाटायचं काम द्या, नाहीतर ते कोपऱ्यात रील बघत बसतात. सीनियर-ज्युनियर मुद्दाम एकत्र जोडा, ओळखी अशाच होतात. येऊरला जायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, रक्त देऊन लगेच डोंगर चढायला नको. त्या दिवशी तलावपाळीला गप्पा मारत बसा, हिशोबही तिथेच उरका.